ऑपरेटिंग सिस्टिमकडून सुरक्षित रँडम डेटा घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या धरमपेठेत दर शनिवारी सकाळी आम्ही काही प्रोग्रामर एकत्र बसतो. मिहानमध्ये आणि परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करणारे असतात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली असतात. ओटीपी, टोकन (लिंकमध्ये वगैरे जाणारा गुप्त कोड), पासवर्ड रिसेट असा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं आहे. माझं सांगणं थोडक्यात असं: ज्या आकड्यावर कुणाचं गुपित, पैसा किंवा खातं अवलंबून आहे, तो आकडा कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून मागून घ्या आणि त्यात पदरचं काही मिसळू नका.

## आकडे तर रँडम दिसतात. मग 'सुरक्षित रँडम' म्हणजे वेगळं काय?

सोसायटीत पार्किंगची सोडत काढतात तेव्हा चिठ्ठ्या एकाच मापाच्या, एकाच घडीच्या करतात, डबा हलवतात आणि एखाद्या लहान मुलाला उचलायला लावतात. यातून दोन गोष्टी साधतात. प्रत्येक नावाला सारखी संधी मिळते आणि कुठली चिठ्ठी निघणार हे आधी कुणालाच कळत नाही.

खेळातल्या फाशाला पहिली गोष्ट पुरते. पासवर्ड रिसेटच्या टोकनला दुसरी हवी, आणि तीही फार कडक अटीवर. समोरच्याला तुमचा सगळा कोड माहीत आहे, आधीच्या हजार चिठ्ठ्या त्याने पाहिल्या आहेत, तरीही पुढची चिठ्ठी त्याला सांगता येऊ नये. उद्या सर्व्हरची मेमरी त्याच्या हाती लागली, तरी कालची चिठ्ठी त्याला काढता येऊ नये. साधी रँडम फंक्शनं या अटीसाठी बनवलेलीच नसतात.

## भाषेतलं नेहमीचं रँडम फंक्शन काऊन नाही वापरायचं?

कारण ते एका छोट्या गुपितावर चालणारं गणित असतं आणि ते गणित उलटं सोडवता येतं. पायथनचं 'रँडम' मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर वापरतं. त्याचे ३२ बिटांचे लागोपाठ ६२४ आकडे मिळाले, की त्याची आतली सगळी स्थिती उभी करता येते आणि पुढचे आकडे कुणीही छापू शकतं. जावाच्या साध्या 'रँडम' क्लासची स्थिती तर ४८ बिटांचीच आहे. ब्राउझरमधलं 'मॅथ.रँडम' वेगवान आहे, पण गुपितं राखणं हे त्याचं काम नाही.

दुसरी अडचण सीडची, म्हणजे हे गणित ज्या आकड्यापासून सुरू होतं त्याची. सी शिकताना लॅबच्या जर्नलमध्ये आपण सगळ्यांनीच 'एसरँड' मध्ये घड्याळाची वेळ घातलेली आहे. जर्नलपुरतं ते ठीक. पण दिवसाचे मिलिसेकंद होतात ८ कोटी ६४ लाख. एखादं टोकन अमुक दिवशी बनलं एवढं कळलं, की तेवढ्या शक्यता तपासणं साध्या लॅपटॉपलाही जड जात नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही हिशोबाचं एक ॲप केलं होतं. त्यातली पासवर्ड रिसेटची लिंक मी लिहिली होती, पीएचपीचं 'युनिकआयडी' वापरून. नावातच 'युनिक' आहे, लांबलचक अक्षरं येतात, मला बरं वाटलं. २०१७ च्या मे महिन्यात मृग बहाराचा माल संपून बाजार निवांत झाला होता, म्हणून आम्ही जुना कोड तपासायला बसलो. सोबतच्या मुलीने ११ मे रोजी पाठोपाठ दोन लिंका मागवल्या आणि त्यांतली टोकनं फळ्यावर एकाखाली एक लिहिली:

५९१४०३४७७१८२५
५९१४०३५२३९०१६

पहिले सहा अंक तेच. ती म्हणाली, "दादा, हे घड्याळ आहे." आणि खरंच ते घड्याळ होतं. 'युनिकआयडी'ची पहिली आठ अक्षरं म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, सोळाच्या पायात लिहिलेले. पुढची पाच म्हणजे त्या सेकंदातले मायक्रोसेकंद. या दोन्ही टोकनांत योगायोगाने अंकच आले होते, एरवी त्यात इंग्रजी अक्षरंही येतात. पहिलं टोकन उलगडलं तर सकाळचे ११ वाजून ५३ मिनिटं ३ सेकंद निघतात, दुसरं त्यानंतर ११ सेकंदांनी. म्हणजे दुसऱ्याच्या नावाने लिंक मागवणाऱ्याला सेकंद आधीच ठाऊक असणार. उरतात ते १० लाख मायक्रोसेकंद. आमच्या सर्व्हरवर चुकीच्या प्रयत्नांना मर्यादाही नव्हती. त्या क्षणी पोटात जो गोळा आला, तो मला अजून आठवतो. त्या ॲपमध्ये लोकांची उधारी-वसुली होती.

## मग मागायचं कुठून?

लिनक्सवर 'गेटरँडम' हा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला थेट करायची मागणी आहे. तो २०१४ मध्ये कर्नल ३.१७ सोबत आला, आणि जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये त्याचं फंक्शन २०१७ च्या २.२५ आवृत्तीपासून मिळतं. विंडोजवर 'बीक्रिप्टजेनरँडम'. मॅक आणि ओपनबीएसडीवर 'गेटएन्ट्रॉपी' आणि 'आर्क४रँडम' कुटुंबातली फंक्शनं. 'आर्क४रँडम' नावामुळे बिचकू नका. आज ओपनबीएसडीत त्याच्या आत जुना आरसी४ सायफर नाही, चाचा२० हा सायफर (गुप्त किल्लीवरून रँडम दिसणाऱ्या बाइटांचा प्रवाह काढणारं गणित) आहे.

रोजच्या कामात इतक्या खाली उतरायची वेळ क्वचितच येते. पायथनमध्ये ३.६ पासून 'सिक्रेट्स' मॉड्यूल आहे, तेच वापरा. पीएचपीत ७ पासून 'रँडम_बाइट्स' आणि 'रँडम_इंट'. नोडमध्ये 'क्रिप्टो' मॉड्यूलमधली 'रँडमबाइट्स' आणि 'रँडमइंट'. ब्राउझरमध्ये 'क्रिप्टो.गेटरँडमव्हॅल्यूज', फक्त ते एका वेळी ६५,५३६ बाइटच देतं. जावात 'सिक्युअररँडम' साध्या 'न्यू' ने बनवा. 'गेटइन्स्टन्सस्ट्राँग' अधिक मजबूत वाटतं, पण जुन्या कर्नलवर ते सर्व्हरला ताटकळत ठेवू शकतं.

गो भाषा वापरणाऱ्यांनी एक जपा. तिथे 'मॅथ/रँड' आणि 'क्रिप्टो/रँड' अशी दोन पॅकेजं आहेत आणि कोडमध्ये दोघांचं नाव 'रँड'च दिसतं. एडिटरने आपणहून चुकीचं इंपोर्ट घातलं तर फंक्शनच्या ओळीवरून काही कळत नाही. रिव्ह्यू करताना फाइलच्या डोक्यावरच्या इंपोर्टकडे आधी बघा.

## कर्नलकडे तरी हा रँडमपणा येतो कुठून?

यंत्राच्या बारीक अनियमिततेतून. नेटवर्कचं पॅकेट नेमकं कधी आलं, डिस्कने उत्तर कधी दिलं, कळ कधी दाबली, या वेळांचे शेवटचे बिट बाहेरून कुणाला सांगता येत नाहीत. प्रोसेसरमध्ये हार्डवेअर जनरेटर असेल तर त्याचीही भर पडते. लिनक्स हे सगळं एका साठ्यात घालून हॅशने (कितीही डेटा कालवून ठरावीक लांबीचा आकडा देणाऱ्या गणिताने) एकजीव करतं. २०२२ च्या फेररचनेपासून त्यासाठी ब्लेक२एस हा हॅश वापरला जातो. त्यातून एक की, म्हणजे गुप्त किल्ली तयार होते, तिच्यावर चाचा२० चालतं आणि तुम्हाला हवे तितके बाइट मिळतात. प्रत्येक मागणीनंतर की बदलली जाते, त्यामुळे आजची स्थिती फुटली तरी मागचे बाइट काढता येत नाहीत.

यातला एखादा स्रोत खराब निघाला तरी बाकीचे साठा सांभाळून घेतात. आपल्या प्रोग्रामला हे सगळे स्रोत दिसतही नाहीत, म्हणून हे काम कर्नललाच नीट जमतं.

## इतके बाइट घेत राहिलो तर एन्ट्रॉपी संपणार नाही का?

नाही. एन्ट्रॉपी म्हणजे साठ्यातली बाहेरून सांगता न येणारी अनिश्चितता. ती संपते हा गैरसमज फार खोल रुजला आहे, आणि त्याला कारणही आहे. जुनं लिनक्स एन्ट्रॉपीचा हिशोब बँकेच्या खात्यासारखा ठेवायचं आणि शिल्लक कमी झाली की '/डेव्ह/रँडम' (रँडम बाइट देणारी कर्नलची खास फाइल) थांबायचं.

विरजणाचा विचार करा. चमचाभर चांगलं विरजण पातेलंभर दुधाला पुरतं, आणि त्या दह्यातून उद्याचं विरजण निघतं. २५६ बिटांचं खरं, कुणाला ठाऊक नसलेलं सीड एकदा मिळालं, की त्यातून निघणारा प्रवाह माणसाच्या हिशोबात संपत नाही. कारण तो ओळखायचा तर चाचा२० फोडावं लागेल, आणि ते फुटलं तर तुमचं एचटीटीपीएसही धोक्यात येईल. विरजणच नसेल तर मात्र दूध कितीही वेळ ठेवा, दही लागत नाही. काळजी करायची ती सुरुवातीच्या सीडची, पुढच्या खर्चाची नाही.

## '/डेव्ह/रँडम' घ्यायचं की '/डेव्ह/यूरँडम'?

शक्यतो दोन्ही नको, 'गेटरँडम' घ्या.

या दोन फाइली नव्वदच्या दशकापासून लिनक्समध्ये आहेत, आणि पहिली 'खरी' व दुसरी 'कमअस्सल' असा समज वर्षानुवर्षं चालत आला. प्रत्यक्षात दोन्हींमागे एकच यंत्रणा आहे. २०२० च्या कर्नल ५.६ पासून '/डेव्ह/रँडम' फक्त सुरुवातीला, साठा तयार होईपर्यंत थांबतं, त्यानंतर कधीच नाही. '/डेव्ह/यूरँडम' ची उणीव नेमकी उलट आहे. मशीन नुकतंच सुरू झालं असेल आणि साठा तयार नसेल, तरी ते काहीतरी हातात ठेवू शकतं. 'गेटरँडम' ला कुठलाही फ्लॅग दिला नाही तर ते साठा तयार होईपर्यंत एकदाच थांबतं आणि मग कायम लगेच उत्तर देतं. आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

फाइलीची आणखी एक कटकट आहे. ती उघडावी लागते. उघड्या फाइलींची मर्यादा संपली, किंवा सर्व्हर 'सीएचरूट' मध्ये (एकाच फोल्डरपुरता कोंडलेला) असून तिथे '/डेव्ह' च नसलं, तर उघडणं फसतं. मग कुणीतरी 'नाही उघडली तर वेळ वापरा' अशी पर्यायी वाट लिहून ठेवतो, आणि ती वाट नेमकी गर्दीच्या दिवशी चालू होते.

## चूक आली तर पर्यायी वाट ठेवायचीच नाही का?

ठेवायची नाही. कर्नलने बाइट दिले नाहीत तर प्रोग्राम तिथेच थांबवा. बंद पडलेली सेवा दहा मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात येते. कमकुवत की बनली तर वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

सीमध्ये थेट लिहिणाऱ्यांनी परत आलेली किंमत तपासावी. साठा तयार झाल्यावर २५६ बाइटांपर्यंतची मागणी 'गेटरँडम' एकसंध पुरी करतं. त्याहून मोठी मागणी मधे सिग्नल आला तर अर्धवट परत येऊ शकते. ते न पाहिल्यास बफरच्या उरलेल्या भागात आधी असेल तेच, अनेकदा नुसती शून्यं, राहतं आणि तुम्ही त्याला की समजून पुढे जाता.

## मी वेळ, प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामला मिळालेला क्रमांक) आणि थोडं स्वतःचं मिसळून हॅश केलं तर आणखी सुरक्षित होईल ना?

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि विचारणारा मनापासून काळजी घेत असतो. पण हॅशने गुपित वाढत नाही. आत जाणाऱ्या शक्यता १० लाख असतील तर बाहेरही १० लाखच येतात, फक्त त्या ओळखू न येणाऱ्या दिसतात. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरचं हेच झालं. त्याचं सीड वेळ आणि प्रोसेस आयडींवरून बनत होतं, आणि बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर या दोघांनी ते उघड करून दाखवलं.

दुसरं उदाहरण डेबियन या लिनक्सचं. त्यातल्या ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीच्या दोन ओळींवर तपासणीचं साधन तक्रार करत होतं, म्हणून २००६ मध्ये त्या काढल्या गेल्या. त्या ओळींसोबत सगळी खरी अनिश्चितता बाहेर गेली आणि उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ पर्यंत डेबियन आणि उबंटूवर बनलेल्या एसएसएच आणि एसएसएलच्या असंख्य की त्यामुळे ओळखण्याजोग्या ठरल्या. की दिसायला अगदी धडधाकट होत्या. ज्या कोडवर हात चालवू नये तो हा कोड, असं मी नव्या मुलांना कळकळीने सांगतो.

## प्रोसेसरचंच रँडम थेट वापरलं तर?

इंटेलने २०१२ पासून 'आरडीरँड' ही सूचना दिली आहे, पण ती कर्नलला वापरू द्या. २०१९ मध्ये एएमडीच्या नव्या रायझन ३००० प्रोसेसरांवर फर्मवेअरच्या दोषामुळे 'आरडीरँड' दर वेळी सगळे बिट एक असलेला तोच आकडा द्यायचं आणि वर 'यशस्वी' म्हणून सांगायचं. कर्नल इतर स्रोत मिसळतं, म्हणून त्याचा साठा तरला. थेट त्या सूचनेवर विसंबलेली सॉफ्टवेअरं अडली.

## उपकरण पहिल्यांदा सुरू होतानाच की बनवतं. चालेल?

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कंट्रोलर, मीटर, राउटरसारखी उपकरणं बनवणाऱ्यांनी हे उत्तर सावकाश वाचावं. एकाच इमेजवरून (सॉफ्टवेअरच्या तयार प्रतीवरून) हजार बोर्ड लिहिले, प्रत्येकाने चालू होताच पहिल्या दोन सेकंदांत की बनवली. डिस्क नाही, कीबोर्ड नाही, नेटवर्क अजून जोडायचं आहे. अनेक बोर्डांची स्थिती तेव्हा जवळजवळ सारखी असते. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या आरएसए की गोळा करून एकमेकींशी ताडून पाहिल्या. कितीतरी कींमध्ये एक मूळ संख्या सामायिक निघाली, आणि तेवढ्यावरून टीएलएस वापरणाऱ्या सुमारे ०.५ टक्के यंत्रांच्या खासगी की काढता आल्या. त्यांत मोठा भाग राउटर आणि फायरवॉलसारख्या छोट्या उपकरणांचा होता.

उपाय म्हणजे 'गेटरँडम' ला थांबायचं तेवढं थांबू द्या, बोर्डावर हार्डवेअर जनरेटर असेल तर त्याचा ड्रायव्हर चालू ठेवा, आणि कारखान्यातच प्रत्येक बोर्डात वेगळी सीड फाइल लिहा. इमेजमध्ये सीड फाइल किंवा तयार की कधीही ठेवू नका, नाहीतर ती हजारही बोर्डांत जाते.

व्हर्च्युअल मशीनचा धोका याच जातीचा आहे. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची जशीच्या तशी साठवलेली स्थिती, दोनदा सुरू केला तर दोन्ही प्रती एकाच स्थितीतून निघतात. लिनक्स ५.१८ पासून हायपरव्हायजरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) सांगितल्यास कर्नल अशा वेळी नवं सीड घेतं, पण तुमच्या प्रोग्रामने आधीच मेमरीत घेऊन ठेवलेले बाइट तसेच राहतात. म्हणून बाइट साठवून ठेवू नका, लागतील तेव्हा मागा.

## उन्हाळ्यात लाईट जाते, सर्व्हर धाडकन बंद पडतो. त्याने काही बिघडतं का?

सहसा नाही. बंद होताना सीड जपून ठेवायला वेळ मिळाला नाही तरी सिस्टिमडीसारखी, लिनक्सच्या सेवा सुरू करणारी व्यवस्था सुरू होतानाच जुनं सीड कर्नलला देऊन लगेच नवं लिहून ठेवते, त्यामुळे तेच सीड दोनदा वापरलं जात नाही. डिस्क फक्त वाचता येणारी असेल तर मात्र हे घडत नाही. इन्व्हर्टरची चिंता डेटाबेससाठी करा.

## सहा आकडी ओटीपी नीट कसा काढायचा?

० ते ९,९९,९९९ मधला आकडा सुरक्षित फंक्शनकडून मागा आणि डावीकडे शून्यं भरून सहा अंक करा. पायथनमध्ये 'सिक्रेट्स.रँडबिलो', नोडमध्ये 'रँडमइंट'. स्वतः बाइट घेऊन भागाकाराची बाकी काढू नका.

का, ते ६२ अक्षरांच्या उदाहरणावरून पाहा. कूपन कोडसाठी लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं घेतली. एका बाइटच्या २५६ किमती. ६२ चोक २४८, उरले ८. बाकी काढली की पहिल्या आठ चिन्हांच्या डब्यात प्रत्येकी ५ चिठ्ठ्या पडतात आणि उरलेल्या ५४ चिन्हांच्या प्रत्येकी ४. म्हणजे ती आठ चिन्हं सव्वापट वेळा निघणार. सोडतीत असं झालं असतं तर सोसायटीत भांडण पेटलं असतं. २४८ आणि त्यापुढचा बाइट आला तर तो टाकून नवा घ्यायचा, एवढंच करायचं असतं, आणि तयार फंक्शनं ते करतात.

आणखी एक. ओटीपीत शक्यताच १० लाख आहेत. रँडम कितीही चांगलं असो, चुकीचे प्रयत्न मोजून पाचव्याला थांबवलं नाही तर त्याचा उपयोग नाही.

## टोकन किती लांब असावं? यूयूआयडी चालेल का?

१६ बाइट पुरतात, ३२ घेतले तर विचार करायची गरज उरत नाही. यूयूआयडी म्हणजे नोंदींना एकमेव ओळख देणारा १२८ बिटांचा क्रमांक. त्याची चौथी आवृत्ती १२२ रँडम बिट देते, पण ते बिट सुरक्षित स्रोतातूनच येतील अशी हमी प्रत्येक लायब्ररी देत नाही. पहिली आवृत्ती वेळ आणि नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावरून बनते. तिला गुपित मानू नका.

## आमचा रँडम डेटा चांगला आहे हे चाचणी घेऊन सिद्ध करता येईल?

बिघाड सापडू शकतो, सुरक्षितता सिद्ध होत नाही. १, २, ३ असे आकडे क्रमाने हॅश करून चाचणीला दिले तर ते झोकात पास होतात, आणि तरी मला पुढचा आकडा पाठ असतो. तपासायचं ते आकडे कुठून येतात हे.

## साधं रँडम कुठे चालतं?

सिम्युलेशन, खेळ, गाण्यांची उलटापालट, चाचणीसाठी खोटा डेटा. तिथे ठरावीक सीड उलट सोयीचं, कारण तोच निकाल पुन्हा मिळवता येतो.

## जुन्या कोडमध्ये ही चूक सापडली. आता काय करू?

आधी शोध पुरता करा. 'रँड', 'एमटी_रँड', 'युनिकआयडी', 'मॅथ.रँडम', 'एसरँड' हे शब्द सगळ्या कोडमध्ये शोधा आणि प्रत्येक जागी विचारा, हा आकडा कुणी ओळखला तर कुणाचं नुकसान होईल? जिथे होईल तिथे फंक्शन बदला. पण एवढ्यावर थांबू नका. चुकीच्या पद्धतीने आधीच बनलेली टोकनं, सेशन आणि की अजून जिवंत असतात. त्या रद्द करा, की नव्याने बनवा, आणि ज्यांची खाती आहेत त्यांना सांगा.

आमच्या ॲपमध्ये कोड बदलायला दोन ओळी लागल्या, 'युनिकआयडी' च्या जागी 'रँडम_बाइट्स'. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा घालायला एक दुपार गेली. जुन्या सगळ्या लिंका त्याच रात्री रद्द केल्या आणि मागचे लॉग चाळले. कुणी गैरफायदा घेतल्याची खूण त्यात दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं यादी घेऊन बसलो आणि एकेका व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं, "काका, पासवर्ड बदलून घ्या, चूक आमच्याकडून झाली होती." एकाने विचारलं, "म्हणजे माझी वही दुसऱ्याला उघडता आली असती का?" मी हो म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं केलं सांगितलं. आता फोनवर थांबा, मी बदलतो."